भोर-वेल्ह्याच्या अंगणवाड्यांतून तीन दिवस

नीरेच्या डाव्या कालव्यावर आमची शेती. भाटघरच्या पाण्यावर ऊस वाढवला, मुले शिकवली. पण ते पाणी जिथून येते तो भोर-वेल्ह्याचा मुलूख धड पायी कधी फिरलो नव्हतो. बहीण वेल्ह्याकडे दिलेली. तरी जाणे व्हायचे ते लग्नकार्याला नाहीतर मयतीला, आणि तेव्हाही परतीची गाडी गाठायची घाई. यंदा आषाढात मात्र तीन दिवस राहिलो. कारण भाचीचे होते.

भाची गेल्या वर्षी बारावी झाली. घरात दोन मते. थोरल्या भावाचे म्हणणे, दिवाळीनंतर उजवून टाकू. तिचे म्हणणे, मला लहान मुलांत काम करायचे आहे. अंगणवाडीत म्हणा, नाहीतर मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत. बहिणीने निरोप धाडला, "दादा, तू चार ठिकाणी हिंडलेला. पोरीला घेऊन बघून ये, आणि काय खरं ते सांग."

आम्ही सासवडहून नारायणपूरमार्गे निघालो. डाव्या हाताला पुरंदर ढगात बुडालेला. १६५७ साली संभाजीराजे या गडावर जन्मले. सईबाईंची प्रकृती बरी नसायची, बाळाला दूध पुरेना, तेव्हा खालच्या कापूरहोळ गावच्या धाराऊ गाडे यांना बोलावून घेतले. पोटच्या लेकरांबरोबर त्यांनी राजपुत्रालाही पाजले. गाडी कापूरहोळला थांबली तेव्हा भाचीला हे सांगितले. ती म्हणाली, "मामा, म्हणजे आपल्याकडची पहिली अंगणवाडीबाई हीच की!" मला हसू आले, पण बोलणे अगदीच खोटे नव्हते. मराठी राज्याचा छत्रपती या गावच्या शेतकरी बाईच्या दुधावर वाढला, हे रस्त्याने जाणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असते कोण जाणे.

नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याची वाट लागते. आंबवणे, मार्गासनी, विंझर मागे पडली, की एकीकडे राजगड आणि समोर तोरणा. तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला; एस.टी.तल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच. दोन्ही बाजूंना खाचरे पाण्याने भरलेली, इरली पांघरून बाया वाकलेल्या, बांधावर कुठे घोंगडीच्या आडोशाला एखादे तान्हे. आमच्या कालव्याच्या पट्ट्यात पाणी वर्षभर. इथे आभाळ कोसळते चार महिने आणि फाल्गुनात हंड्यासाठी पायपीट. धरणे यांच्या रानात आणि पाणी आमच्या उसाला. हे बघून जरा ओशाळल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वाडीवरच्या अंगणवाडीत गेलो. ओढ्याला पाणी होते. मदतनीस बाई एका पोराला काखेला मारून, दोघांचे हात धरून पलीकडून येत होत्या. लावणीच्या दिवसांत आया झुंजुमुंजू होताच शेतावर जातात. मग धाकटी भावंडे सांभाळायला थोरली पोर शाळा बुडवून घरी बसते. इथे अंगणवाडी चालू असली तर ती शाळेत जाते. एका खोलीमुळे दोन मुलांचे भले होते, हे मी तिथे पाहिले.

सेविकाबाई अठरा वर्षे या कामात. आधी गाणे झाले, मग चिंचोके मोजणे, मग मातीचे बैल. तासाभराने खिचडी. मला वाटत होते की खाऊ वाटला की काम संपले. बाई हसल्या. म्हणाल्या, "दादा, खाऊ हा एकच भाग. जन्मल्यापासून सहा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल माझ्या वहीत असतं. तीन वर्षांच्या आतल्यांचा आहार घरी जातो. गरोदर बाई, बाळंतीण, लसीकरणाचा दिवस, वजन, उंची, सगळं बघावं लागतं. आता हे सगळं मोबाईलमध्येही भरायचं. रेंज त्या टेकाडावर." त्यांनी दाखवलेले टेकाड चांगले चढणीचे होते.

मग त्यांनी दंडाचा घेर मोजायची पट्टी काढली. हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की लाल. ते मूल दवाखान्यात न्यायलाच हवे. भाचीच्या हातात पट्टी दिली. कातकरी वस्तीवरची एक मुलगी, दोन वर्षांची असेल, मदतनीस बाईंच्या मांडीवर मुकाट बसली होती. भाचीने पट्टी गुंडाळली, वाचली, पुन्हा गुंडाळली. पट्टी पिवळ्यावर आली, लालच्या अगदी कडेला. बाई म्हणाल्या, "ही मंडळी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. जाताना पोरगी हिरव्यात होती. पावसाच्या तोंडावर परत आली ती अशी." पोर रडली असती तर बरे वाटले असते. ती नुसती बघत होती. भाची वाटेने परत येईपर्यंत काही बोलली नाही.

शेतकऱ्याला हे समजवायला मोठी पुस्तके नकोत. आवण रोगट निघाले तर खाचरात मागाहून कितीही खत ओता, रोप धरत नाही. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत होते, असे २०२० च्या शिक्षण धोरणातही लिहिले आहे.

हे काम काही दिल्लीहून उगवलेले नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले. त्यांच्या हाताखाली गेलेल्या अनुताई वाघ आमच्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. लहानपणी लग्न झाले आणि वर्षाच्या आत वैधव्य आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत त्यांनी जन्म घालवला. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, ही रीत या दोघींनी घातली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यात आपल्याकडचे मेळघाटातले धारणी होते.

आता पैशाचे बोलू, कारण घरात बोलणे तिथेच अडते. सेविकेला मिळते ते मानधन. त्याला पगार म्हणत नाहीत. २०२३ साली ते १०,००० रुपये झाले, २०२४ मध्ये आणखी वाढले. ही वाढ आपसूक झाली नाही. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि पन्नासाहून अधिक दिवस हटल्या नाहीत. त्याआधी २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. बाई सरळच म्हणाल्या, "एवढ्यावर घर चालत नाही. पण गावात मान आहे, आणि दुपारनंतर शेतही होतं."

तिसऱ्या दिवशी भोर. नीरेच्या काठचे पंत सचिवांचे हे जुने संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजवाडा बाहेरून पाहिला, चहा घेतला आणि पंचायत समितीकडे निघालो. तिथे एका पर्यवेक्षिकाबाईंनी पाऊण तास दिला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "हिचं लग्न झालंय का?"

मी चमकलो. पण प्रश्न रोखठोक होता. सेविका त्याच गावची रहिवासी लागते, बारावी झालेली, वय १८ ते ३५. विधवेला ४० पर्यंत सवलत. निवड गुणांवर होते. आज भाची माहेरच्या वाडीवर लागली आणि दोन वर्षांनी लग्न करून मुळशीला गेली, तर ही जागा सुटली. म्हणून ही नोकरी गावात नांदणाऱ्या सुनेला जास्त लाभते. आपल्या घरी बारावी झालेली सून चुलीपाशी असेल, तर सासऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लक्ष ठेवावे, असे मला वाटते.

"मग माझं काय?" भाची म्हणाली. बाईंनी वाट सांगितली. पदवी घेतली तर पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता येते. ती जिल्हा परिषदेची पगारी जागा. त्याच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी, ते लोकसेवा आयोगामार्फत. बालशिक्षणाची पदविका इग्नूकडून घरबसल्या करता येते. समाजकार्याकडे ओढा असेल तर पदवीनंतर पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. अनाथ, निराधार मुलांच्या बालगृहांत काळजीवाहक, समुपदेशक, परिविक्षा अधिकारी लागतात. पण तिथल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, आणि काम मन थकवणारे. बाईंनी काही लपवले नाही, हे मला आवडले.

एक मात्र सांगितलेच पाहिजे. आमच्या नात्यातल्या एका मुलीने तालुक्याच्या गावी "बालवाडी शिक्षिका, नोकरीची हमी" असा फलक पाहून पंधरा हजार भरले. सहा महिन्यांनी रंगीत प्रमाणपत्र मिळाले. ते कुठेच चालेना, आणि पुन्हा गेलो तर दाराला कुलूप. पैसे भरण्याआधी कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची मान्यता आहे ते लेखी मागावे आणि तो कागद पंचायत समितीत दाखवावा. कागद देत नसतील तर उठून यावे.

संध्याकाळी वाडीवर परतलो तेव्हा भाऊ खाचरातच होता, गुडघाभर चिखलात. मी बांधावर बसून सगळे सांगितले. लग्नाला माझा विरोध नाही, म्हटले. पण तीन वर्षे थांब, ती मुक्त विद्यापीठातून घरात राहून पदवी करील. तोवर त्याच अंगणवाडीत बाईंच्या हाताखाली जाईल, शिकेल. सासर मिळेल तेव्हा पदवी तिच्याबरोबर जाईल, वाडीवरची जागा मागे राहिली असती. तो ऐकत होता की नाही कळेना. रोपांची मूठ सोडवत होता.

"मामा," तो म्हणाला, "वर्षाला फी किती पडते?"

मी आकडा सांगितला. त्याने मान हलवली, पुढची मूठ घेतली आणि वाकला. भाची पलीकडच्या बांधावरून आवणाच्या जुड्या टाकत होती. तिने ऐकले असावे, कारण पुढची जुडी भलतीकडेच पडली.