समुद्रकाठी दीड महिना

मॉरिशसहून परत आल्यापासून मंडळात भेटणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, एवढी ठिकाणं असताना मॉरिशसच का? आणि दुसरा, दीड महिना तिथे केलंत तरी काय? आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता एक भाऊ इथे, एक परदेशात आणि आई-वडील यांपैकी एकाकडे, अशी स्थिती आहे. अशा घरांना आमचा हिशेब कदाचित उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर लिहिते.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आई आमच्याकडे, अरेरा कॉलनीत. दादा न्यू जर्सीला. त्याच्या मुलांच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बंद होतात, तर आमच्या मुलांची सुट्टी मे महिन्यातच सुरू होते. भोपाळचा पारा तेव्हा बेचाळीसच्या आसपास असतो. दादाचं म्हणणं, सगळे इकडेच या, आणि जमलं तर आईने आता इकडेच राहावं. आईने साफ नकार दिला. बाबांबरोबर ती तिकडे दोनदा राहून आली होती. "तिथे सगळं छान आहे रे, पण मला दार उघडून कुठे जाता येत नाही," एवढंच ती म्हणाली. तक्रार कोणाबद्दलच नव्हती. दूध आणायलाही गाडी लागते अशा वस्तीत, गाडी न चालवणाऱ्या माणसाचा दिवस खिडकीशी जातो. बाबा होते तेव्हा दोघं मिळून खिडकीशी बसायची, आता ती एकटीच बसली असती. इथे मात्र बहात्तराव्या वर्षी ती स्वतः भाजी आणते, देवळात जाते, गुरुवारचं भजन चुकवत नाही.

शेवटी आईनेच तोडगा सुचवला. सगळ्यांनी तिसऱ्याच ठिकाणी जमू या. समुद्र असेल तर उत्तम. पण मला एकटीला बाहेर पडून अर्ध्या तासात आपली आपण घरी परत येता आलं पाहिजे.

समुद्राची ओढ तिला का, हे सांगायला हवं. तिचं माहेर गुहागरचं. १९७५ साली लग्न होऊन ती भोपाळला आली. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली, तोपर्यंत माहेरी जायचं म्हणजे मुंबईपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. आता मंगला एक्सप्रेस भोपाळहून थेट रत्नागिरीला नेते, पण माहेरी आता कोणी उरलेलं नाही. आपला मोठा तलाव कितीही मोठा असला तरी त्याला भरती-ओहोटी नाही, हे तिचं पन्नास वर्षांचं गाऱ्हाणं.

मग कोकणातच का नाही? आम्हीही आधी तोच विचार केला. पण मे महिन्यात तिथे घामाच्या धारा, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो. दादाची मुलं पोचतील तेव्हा समुद्र खवळलेला असणार आणि पाण्यात पाय घालण्याचीही सोय नाही. गोव्याचंही तेच. म्हणजे देशाबाहेर पाहणं भाग होतं.

इथे पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की एकाच देशात एकाच वेळी समुद्राची दोन रूपं असतात. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे गॉल, बेंटोटाच्या किनाऱ्यावर आदळतात, तर पूर्वेकडे त्रिंकोमालीला तेव्हाच चांगले दिवस असतात. थायलंडमध्ये फुकेत, क्राबीची बाजू मेपासून पावसात, पण पलीकडच्या आखातातल्या को सामुईला मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतर. तेव्हा देश ठरवण्याआधी वारा कुठून येतो ते पाहावं. पोर्तुगाल, स्पेन ही दादाची आवड. त्याला ते सोयीचंही होतं. पण लिस्बनच्या चढ-उतारांवर आईचे गुडघे चालणार नव्हते, आणि जून-जुलैत तिथला खर्च आम्हाला झेपणारा नव्हता.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपला उन्हाळा म्हणजे त्यांचा हिवाळा. किनाऱ्यावर दुपारी चोवीस-पंचवीस अंश, रात्री एखादी शाल पुरते. चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तोही तोवर सरलेला. मुंबईहून थेट विमान आहे, प्रवास सुमारे सहा तासांचा. घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे भोपाळचं दहाचं ऑफिस तिथे साडेआठला सुरू होतं. माझं काम लॅपटॉपवरचं. परदेशी नोकरी सांभाळून तिथे राहणाऱ्यांसाठी त्यांनी २०२० साली प्रीमियम व्हिसा सुरू केला, तो मी आधीच घेतला. नुसतं फिरायला जाणाऱ्या भारतीयांना प्रवेशाची परवानगी तिथे पोचल्यावर विमानतळावरच मिळते. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा जवळ हवा.

देश ठरला, पण किनारा ठरायचा होता. बेट लहान, उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटरच्या आसपास, पण चारही बाजूंचा स्वभाव वेगळा. हिवाळ्यात आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. ते पूर्वेला बेल मारच्या सुंदर वाळूवर सरळ येतात. पतंगाच्या साहाय्याने लाटांवर खेळणाऱ्यांना ते आवडतं, वाऱ्यात कान दुखणाऱ्या माणसाला नाही. दक्षिणेला ग्रि-ग्रिजवळ प्रवाळाची भिंतच नाही, त्यामुळे लाटा थेट खडकांवर फुटतात. पाहायला भव्य, पण तिथे पोहणं धोक्याचं. उत्तरेचं ग्राँ बे हे पर्यटकांचं गाव, खाडीत बोटींची गर्दी आणि रात्री उशिरापर्यंत गजबज. पश्चिमेचा किनारा मधल्या डोंगरांच्या आडोशाला येतो, म्हणून तो कोरडा आणि उबदार. मधल्या पठारावरच्या क्यूरपीपमध्ये पाऊस भुरभुरत असताना पश्चिमेला स्वच्छ ऊन असतं.

पश्चिमेच्या फ्लिक-आँ-फ्लाकवर आमचं बोट थांबलं. तिथला सार्वजनिक किनारा लांबच लांब आहे आणि त्याच्या कडेने सुरूची झाडं आहेत. फोटो पाहून आई म्हणाली, "हे तर आपल्याकडचंच बन." समुद्राला लागून सपाट रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे घरं, दुकानं. नकाशावर मी समुद्र मोजला नाही, आईचा अर्धा तास मोजला. दारापासून भाजीचं दुकान किती पावलं, औषधाचं दुकान कुठे, बसायला बाक आहे का, रस्ता कुठे ओलांडायचा. घरमालकांना सांगितलं, दारातून समुद्रापर्यंत चालत जा आणि चालताना व्हिडिओ काढून पाठवा. तिघांपैकी दोघांनी पाठवला. त्यातलं तळमजल्याचं घर घेतलं. महिन्याचं भाडं आठवड्याच्या हिशेबापेक्षा पुष्कळ कमी पडतं, आणि जून हा त्यांचा कमी गर्दीचा महिना, त्यामुळे घासाघीसही करता येते.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवते. तिथे जूनमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून ऊन हवं असेल तर उत्तरेकडची बाल्कनी पाहावी. आमची तशी होती, आणि आईचे पापड तिथेच वाळले.

आता त्रुटी. दिवस लहान, पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मग गाव लवकर शांत होतं. बरंचसं वाणसामान बाहेरून येतं, त्यामुळे किराणा महाग. पाण्यात समुद्री अर्चिनचे काटे पायात जाण्याची भीती, म्हणून सगळ्यांना रबरी बूट लागतातच. आमच्या मुलांचे शाळेचे पहिले दोन आठवडे बुडाले, त्याचा अभ्यास नंतर भरून काढावा लागला. आणि आईचे सहा गुरुवार भजनाविना गेले.

पण आठव्या दिवशीच आई एकटी भाजी घेऊन आली. भेंडी, दोडका, लाल भोपळा सगळं मिळतं. भाषेचं काय, असं विचारलं तर म्हणाली, भेंडीकडे बोट दाखवायला कसली भाषा लागते? रस्त्यावर डाळ भरलेली पातळ पोळी मिळते, तिला ते धोल पुरी म्हणतात. तिखट डाळवड्यांसारखे गातो पिमाँही तिला आवडले. सकाळी सुरूच्या सावलीत एक फेरी, मग बाकावर अर्धा तास, मग घर, असा तिचा दिवस आपोआप बसला.

त्या बाकावरच तिची एका बाईंशी ओळख झाली. आईने नातवाला मराठीत हाक मारली, तशी त्या वळून म्हणाल्या, "आपण कुठून आलात?" त्या जवळच्याच कास्कावेलच्या. ते गाव मराठी वस्तीचं, तिथे महाराष्ट्र भवनही आहे. १८३४ पासून पुढे ऐंशी-नव्वद वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे, कोकणातले पुष्कळ होते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ते उतरले, तो आता जागतिक वारसास्थळ आहे. त्यांच्या वंशजांची घरातली भाषा क्रेओल झाली, मराठी उरली शाळेच्या तासाला, भजनात आणि गणपतीत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आणि कोकणातला जाखडी नाच त्यांनी अजून जपला आहे, ते त्याला झाकरी म्हणतात. बाईंनी फोनवर तो दाखवला तेव्हा आईने चाल ओळखून ताल धरला. गुहागरच्या अंगणात पाहिलेला नाच तिला इतक्या वर्षांनी या बाकावर परत भेटला.

जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत दादा, वहिनी आणि मुलं आली. मग एका टेबलाशी तीन प्रकारची मराठी जमली. बाईंची पुस्तकी, शुद्ध. आमच्या मुलांची भोपाळी, "आजी, मी जाऊन राहिलो" अशी हिंदी-नागपुरीच्या वळणाची. आणि दादाच्या मुलांची, जिच्यात क्रियापद आलं की इंग्रजी सुरू. गंमत म्हणजे चौघा मुलांना एकमेकांशी बोलायला इंग्रजी होतीच, तरी आजीसमोर ती अडखळत मराठीच बोलत होती. बाईंनी माझ्या मुलीला विचारलं, "तुला वाचता येते का?" ती म्हणाली, देवनागरी येते, हिंदी वाचते ना. बाई म्हणाल्या, "आम्हांला अक्षरांपासून शिकावे लागले." मुलगी काही बोलली नाही. पण परत आल्यावर तिने मंडळाच्या वाचनालयाचं कार्ड मागितलं. किती दिवस टिकतं ते पाहू.

दादाशी जे बोलायचं होतं ते आईने पत्र्याच्या डब्यातला चिवडा काढत, त्या बाकावर बसून सांगितलं. मी जरा दूर मुलांवर लक्ष ठेवून होते, तरी ऐकू आलं. "तू बोलावतोस, मला बरं वाटतं. पण मला भोपाळला दार आहे, आणि दाराबाहेर रस्ता आहे. तिथेच राहू दे." दादाने दहा दिवस तिला रोज छत्री घेऊन एकटी बाहेर पडताना आणि पिशवी भरून परत येताना पाहिलं होतं. त्याने वाद घातला नाही. थोड्या वेळाने विचारलं, "भोपाळला थंडी कधी चांगली असते?"

डिसेंबर, आईने सांगितलं. तिकिटं निघाली आहेत.

तुम्ही असा मुक्काम ठरवत असाल तर घरातल्या सगळ्यांत कमी बाहेर पडणाऱ्या माणसाला आधी विचारा, एकटं कुठवर जायला आवडेल? तेवढं अंतर नकाशावर आखून घ्या आणि त्यातच घर शोधा. बाकीचे आपापला समुद्र शोधतातच.