निजणाऱ्याची झोप

पणजीला मांडवीच्या काठाने रमतगमत जुन्या सचिवालयापाशी आलं, की एका पुतळ्याशी पाय आपसूक मंदावतात. घोळदार झग्यातला एक पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे, आणि समोर एक स्त्री देहाचा सगळा भार सोडून मागे कलंडलेली आहे. रामचंद्र पांडुरंग कामतांचं हे १९४५ सालचं शिल्प. लहानपणी मला त्याची भीती वाटे. हा माणूस त्या बाईचं काहीतरी काढून घेतो आहे, असं वाटे. आता मी त्याच्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त वेळ पाहते.

तो पाद्री म्हणजे आबे फारिया, १७५६ साली कांदोळीत जन्मलेला. १७७१ मध्ये वडिलांबरोबर तो लिस्बनला गेला, रोममध्ये धर्मगुरू झाला आणि पुढे पॅरिसला स्थिरावला. मेस्मर नावाच्या वैद्याने तोवर सांगून ठेवलं होतं, की उपचार करणाऱ्याच्या हातांतून एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्यात वाहतो. १७८४ साली राजाने नेमलेल्या समितीला, जिच्यात फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, असला द्रव काही सापडला नाही. जे घडतं ते कल्पनेने घडतं, असं म्हणून तिने विषय मिटवला. फारियाने तिथूनच पुढचा विचार केला. १८१३ मध्ये पॅरिसमध्ये तो जाहीर प्रयोग करू लागला, समोरच्याला शांत बसवून नुसतं ‘झोपा’ म्हणू लागला, आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की माझ्या हातात काही नाही. ही निद्रा निजणाऱ्याच्याच मनातून येते. सामर्थ्य स्वतःकडे न घेणारा असा माणूस लोकांना पचत नसावा. रंगभूमीवर त्याची टर उडवली गेली, आणि १८१९ साली, त्याचा ग्रंथ छापून निघाला त्याच वर्षी, तो पॅरिसमध्ये वारला.

आई मुलाला थोपटते तेव्हा झोप काही तिच्या तळव्यातून झिरपत नाही. झोप बाळाचीच असते. हाताची ती एकसुरी लय तिला फक्त वाट करून देते. पण रात्री जागणाऱ्या घराला विचारलं, तर थोपटणारा हात नको असं कोण म्हणेल?

फारियाची एक आख्यायिका गोव्यात सगळ्यांना ठाऊक असते. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. तेव्हा वडील कोकणीत हळूच पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’, आणि त्याची जीभ सुटली. खरं-खोटं देव जाणे. पण मला ती गोष्ट फार जवळची आहे, कारण माझीही वाचा अशीच बसू लागली होती. वर्षानुवर्षं शिकवलेली कविता, समोर ओळखीची मुलं, आणि अचानक छातीत धडधड, तळहातांना घाम, श्वास अर्ध्यावर अडकलेला. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि काही दिवसांनी, हेही करून पाहा, म्हणून संमोहनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं.

संमोहन म्हटलं की आपल्याला रंगमंचावरचे प्रयोग आठवतात, कच्चा बटाटा सफरचंद म्हणून खाणारी माणसं आठवतात. तिथे तसलं काही नव्हतं. आरामखुर्ची, पंख्याची घरघर, आणि बाईंचा सावकाश आवाज, ‘आता काही करायचं नाही. नुसतं ऐका.’ मनातल्या मनात एकेक पायरी उतरत जायचं. मला सगळं ऐकू येत होतं, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं तेही; फक्त त्या आवाजाकडे जावंसं वाटत नव्हतं. शुद्ध हरपणं हे नव्हेच. विखुरलेलं लक्ष एका ठिकाणी येऊन बसणं, असं फार तर म्हणता येईल. त्या स्वस्थतेत त्यांनी मला माझ्या वर्गात उभं केलं, अंगठा तर्जनीला टेकवायला सांगितला, आणि ही स्वस्थता त्या बोटांशी बांधून दिली.

ब्रेड नावाच्या शल्यवैद्याने १८४३ साली या विद्येवर ग्रंथ लिहिला तो मँचेस्टरमध्ये, आणि त्याच शहरात १९८४ साली व्हॉरवेल नावाच्या डॉक्टरांनी आतड्यांच्या चिवट विकारावर तिचा गुण दाखवून दिला. वेदना, शस्त्रक्रियेआधीची धास्ती, माझ्यासारखी घालमेल, यांत तिचा हातभार लागतो. खोल नैराश्यात एकट्या तिच्यावर विसंबू नये, आणि ज्याला भास होतात त्याला तर तिथे नेऊच नये. विसरलेल्या आठवणी उकरून काढण्याचं मला मनापासून भय वाटतं. त्या अवस्थेत मन इतकं मऊ असतं, की न घडलेलंही घडल्यासारखं त्यात उमटतं आणि मग आयुष्यभर खरं वाटत राहतं. गेल्या जन्मात नेण्याचं आश्वासन देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुखावलेला माणूस त्यांच्या दारात उभा असलेला पाहिला, की जीव तुटतो. त्याचा हात धरून त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावंसं वाटतं.

माझ्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या, अजून पूर्ण थांबलेल्या नाहीत. वर्गात शिरताना अंगठा तर्जनीला टेकतो. बहुतेकदा श्वास जागेवर येतो. कधी नाहीच आला, तर मुलांना कविता मनात वाचायला सांगते, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारते आणि परत येऊन शिकवू लागते.