आजीचे पारणे

उन्हाळी सुट्टीत आजोळी, ठाण्याला आलेला नातू सकाळी मामासोबत येऊरच्या जंगलवाटा तुडवी, दुपार कलल्यावर मासुंदा तलावात नौकाविहार करी आणि चोविहारासाठी सूर्यास्तापूर्वी घरी परते. वाटेत रसवंतीची घुंगरे वाजत. तो थांबत नसे. आजीच्या वर्षीतपाचा 13वा महिना, दिवसाआड उपवास आणि वर ऊन. तिचे पारणे होईपर्यंत उसाचा रस वर्ज्य, हा नियम त्याने आपणहून घेतला होता.

अक्षय्य तृतीयेला तपस्वींचा वरघोडा निघाला. टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन झाले. भगवान ऋषभदेवांना प्रपौत्र श्रेयांसकुमारांनी हस्तिनापुरात इक्षुरस वहोरावला, तेव्हा त्यांचे पारणे झाले होते. येथे आजीने ओंजळ पुढे केली, नातवाने रस ओतला. त्यानंतरच त्याने स्वतःचा पेला उचलला.