हिंजवडी व्हाया सगळीकडे

जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशन जमिनीखाली तब्बल ३३ मीटर खोल आहे. एक सरकता जिना संपला की दुसरा, मग अजून एक... पुण्यात आहोत हेच विसरायला होतं. पीसीएमसी-स्वारगेट आणि वनाझ-रामवाडी या दोन्ही लाइन्स इथे भेटतात. दोन्हींची लांबी मिळून साधारण ३३ किलोमीटर. (योगायोग हो, बाकी काही नाही!)

मी आठवडाभर गाडी घरी ठेवून पुणे आणि पिंपरी-चिंचवड पालथं घातलं. लोकल, मेट्रो, पीएमपी, शेअर रिक्षा, सगळं. ऑफिसला जायला आपल्याकडे खरंच किती पर्याय आहेत, एवढंच बघायचं होतं.

खडकीहून पिंपरीकडे निघालात तर चैन आहे. लोणावळा लोकल १९७८ पासून आहे, बस आहेत आणि डोक्यावरून मेट्रो. ती मार्च २०२२ मध्ये फुगेवाडीपर्यंत सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटला पोचली. त्यातली लोकल सगळ्यात जुनी, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही तेच दोन रूळ, मग फेऱ्या वाढवणार कुठून? तरी पर्यायांची ही गर्दी याच पट्ट्यात का, हे कळायला इतिहासात थोडं मागे जावं लागतं. इथे रेल्वे आली १८५८ मध्ये. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली १९५४ मध्ये, मागोमाग एमआयडीसी. गाव वाढलं ते रूळ आणि मुंबई रस्ता धरून.

आयटी पार्क मात्र गेला आडवाटेला, हिंजवडीत. जवळ रेल्वे नाही. वर्षानुवर्षं ना पुणे महापालिकेच्या हद्दीत, ना पिंपरी-चिंचवडच्या. म्हणजे काम दोन्ही शहरांचं आणि रस्ता कुणाचाच नाही! वाकडच्या पुलाखाली सकाळी नऊला उभं राहून बघा. कंपन्यांच्या बस, कॅब, बाइक्स, सगळे एकाच दिशेला तोंड करून. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहनं नाही, माणसं हलवा असं सांगितलं होतं. इथे धड दोन्ही हलत नाहीत.

दोन शहरं एकच आहेत हे बसला आधी कळलं. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. पीएमआरडीए यायला २०१५ उजाडलं. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ मध्ये. साधारण २३ किलोमीटर, २३ स्टेशनं. तिच्यासाठी २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडला. २०२५ संपलं तरी तिच्यात प्रवासी बसले नव्हते.

पण मला विचाराल तर लाइनपेक्षा सांधा महत्त्वाचा. म्हणजे एकातून उतरून दुसरं पकडायची जागा. स्वारगेटला मेट्रोतून वर आलात की एसटी आणि पीएमपी दोन्ही हाकेच्या अंतरावर. शिवाजीनगरला उलटी गंमत. मेट्रोच्या कामासाठी तिथला एसटी स्टँड २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवला. म्हणजे मेट्रो आली आणि एसटी गेली! बॅग घेऊन तेवढं अंतर एकदा चाला, मग कळेल. नकाशावर हे अंतर दिसतसुद्धा नाही. अहवालात लाइन्स रंगीत असतात, फुटपाथला रंग नसतो.

म्हणून फ्लॅट बघायला जाणाऱ्यांना माझा एक आगाऊ सल्ला. बिल्डरची माणसं ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ म्हणतात. ती पाच मिनिटं कशावर बसून, ते विचारा. आणि साइटवर रविवारी दुपारी जाऊ नका, रस्ते गुळगुळीत रिकामे असतात. मंगळवारी जा. सकाळी साडेआठला तिथून निघा आणि ऑफिसला पोचा. संध्याकाळी परत या. शक्यतो पावसाळ्यात.