तलवार म्यान

रात्री आठची शेवटची बॅच सुटली की मामाच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या यंत्रांवर कापडं पडायची. एक संगणक तेवढा उघडा राहायचा, माझ्यासाठी. १९९३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मिरजेला आजोळी आलो होतो, अकरा वर्षांचा. मामा फ्लॉपी सरकवायचा आणि काळ्या पडद्यावरच्या तळघरात पांढऱ्या कपड्यांतला एक मुलगा उभा राहायचा. राजकन्येला सोडवायला त्याच्यापाशी साठ मिनिटं असायची. मामाही मला तेवढाच वेळ द्यायचा.

धावता धावता थांबवलं तर त्या मुलाचे पाय घसरत. उडी चुकली तर तो कठड्याला बोटं अडकवून लोंबकळत राही. त्याचं अंग इतकं खरं का वाटायचं, ते पुढे कळलं. खेळाचा निर्माता जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं होतं आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली होती. १९८९ साली ॲपल टू संगणकावर आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं संगीत तर त्याच्या वडिलांचं. घरच्या माणसांनी मिळून उभा केलेला हा खेळ मला घरच्याच माणसाने दिला.

“धावू नकोस. शिफ्ट दाबून एक पाऊल टाक, फरशी हलते का बघ,” मामा सांगायचा. बाराव्या टप्प्यावर मात्र मी अडलो. आधी आरशातून बाहेर पडलेली राजपुत्राची सावली तिथे तलवार घेऊन समोर येते. मी वार करायचो आणि माझाच जीव घटायचा. तिसऱ्या रात्री मामाने खुर्ची ओढली आणि खालच्या बाणाची कळ दाबली. राजपुत्राने तलवार म्यान केली, तो सावलीकडे चालत गेला आणि दोघं एक झाले.

“तो तूच आहेस रे,” मामा म्हणाला.

ॲपल टूच्या तुटपुंज्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं मावत नव्हती, म्हणून राजपुत्राच्याच चित्रांतून ही सावली घडवली गेली. अडचणीतून निघालेली इतकी देखणी कल्पना मी दुसरी पाहिली नाही.

२००३ मध्ये याच मालिकेतला ‘सँड्स ऑफ टाइम’ आला. खंजिराने काळ मागे फिरवणारा, आपलीच गोष्ट सांगणारा हा राजपुत्र मला फार जवळचा वाटला. पुढच्याच वर्षी ‘वॉरियर विदिन’मध्ये तो कडवट, रक्ताळलेला होऊन आला, मागे कर्कश गिटार. हा माझा राजपुत्र नव्हे, असं मी भेटेल त्याला सांगायचो आणि रात्री जागून तोच खेळायचो.

२०२० च्या सप्टेंबरात ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवला जाणार, तोही पुण्या-मुंबईतल्या स्टुडिओंत, अशी घोषणा झाली. मी पुण्यातच राहतो. ज्या राजपुत्राने माझं बालपण व्यापलं, त्याला माझ्या गावातले हात घडवणार होते. ट्रेलर आला आणि चित्रांवर टीकेची झोड उठली. नावं ठेवणाऱ्यांत मीही होतो. २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेल्याचं वाचलं आणि मला मिरजेतल्या त्या तीन रात्री आठवल्या. वार मी केला होता आणि लागलं मलाच होतं. सगळ्यांनी नावं ठेवली तरी मी ठेवायला नको होती. ते काम करणाऱ्यांतही कुणी मामाशेजारी बसून हा खेळ शिकलेलं असेल, एवढं तरी मनात यायला हवं होतं.

२०२४ च्या जानेवारीत मालिकेतला नवा खेळ ‘द लॉस्ट क्राउन’ आला, तेव्हा मी तो घेऊन मिरजेला गेलो. मामा आता सत्तरी ओलांडलेला, त्याला बारीक अक्षरं दिसत नाहीत.

“राजपुत्र कुठाय?” त्याने विचारलं.

“त्याला पळवलंय. सोडवायला निघालेला हा सार्गोन.”

मामा शेजारी बसून राहिला. पुढे सार्गोनला एक विद्या मिळते: आपली सावली एका जागी उभी करून ठेवायची आणि हवं तेव्हा तिच्यापाशी परतायचं. एका अवघड जागी मी घाईने उड्या मारत सुटलो होतो. मामाने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“सावली ठेव आधी,” तो म्हणाला. “मग जा कुठंही.”