मोरचुदाचा रंग

गेल्या कार्तिकात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि पट्टी सुटल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, ओसरीच्या कोनाड्यात वीस वर्षे ठेवलेला मोरचुदाचा खडा सहज हाती घेऊन मी तो आधी उजव्या व मग डाव्या डोळ्याने न्याहाळला, तेव्हा एकाच खड्याचे मला दोन रंग दिसले. उजव्या डोळ्याला तो मोराच्या मानेसारखा निळा दिसला, इतका की कोणी खडाच बदलला की काय अशी शंका मला आली. डाव्या डोळ्याला मात्र तोच मळकट, शेवाळी, जुन्या बाटलीच्या काचेसारखा. डॉक्टरांनी समजावले की मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळे पडत जाते आणि इतर रंगांपेक्षा निळ्याला अधिक अडवते. त्यांच्या लेखी हा साधा खुलासा होता. माझ्या लेखी तो चाळीस वर्षांच्या दफ्तरावर आलेला आक्षेप होता; कारण बोर्डो मिश्रण नुसत्या रंगावरून पारखणारा इसम म्हणून पाचोरा-भडगावकडील मोसंबीच्या बागांतून माझे नाव घेतले जाई, आणि ते घेतले जावे म्हणून मी स्वतःही कमी खटपट केलेली नाही.

शंभर लिटर पाण्याला मोरचूद किलोभर आणि चुना किलोभर, हे कोणीही सांगेल. त्यासाठी मला बोलावीत नसत. सगळी अडचण आहे ती चुन्याची. भट्टीतून नुकतीच आलेली कळी आणि पावसाळी हवेत महिनाभर पडून, आपोआप फुटून भुकटी झालेली कळी, तराजूत सारखीच भरते; परंतु दुसरीतला बराच जीव हवेने आधीच मारलेला असतो. तेव्हा किलोभर चुना कधी किलोचे काम करतो, कधी अर्ध्याचे, आणि जेवढा तो कमी पडेल तेवढे मोरचुदाचे आंबटपण मिश्रणात मोकळे राहून कोवळ्या पालवीची कड करपवते, फळावर डाग पाडते, माणसाच्या डोळ्यात उडाले तर डोळा भाजते. चुना अति झाला, तर तांबे त्यात बांधले जाते, मिश्रण पांढुरके होते, नोझल घडीघडी तुंबते आणि बुरशी निर्धास्त राहते. या दोहोंमधली शीव कोठे आहे, एवढ्या एकाच प्रश्नाने माझे आयुष्य खाल्ले. चुना विझवताना हंड्यातून उठणारी वाफ आणि तिचा आवाज, मिश्रण ढवळताना काठीला लागणारा मऊपणा, पिंपाच्या कडेला उतरणारी निळाई, या साऱ्यांतून मला ती शीव कळते असे मी मानी. शेवटचा कौल मात्र निळाईचाच असे.

रूढ परीक्षा विळ्याची. घासून लख्ख केलेला विळा मिनिटभर मिश्रणात धरावा. पात्यावर तांबूस झाक आली, म्हणजे मोकळे तांबे लोखंडावर येऊन बसले, तर आणखी चुना घालावा. (मोरचूद लोखंडी पिंपात भिजवू नये तेही याचमुळे, पिंप झिजते आणि औषधही बिघडते.) मी विळा बुडवीत असे, नाही असे नाही, पण माझा निर्णय झाल्यावर, बागाईतदाराच्या समाधानाखातर. कोरे पाते वर काढून दाखवताना सभोवारच्या मजुरांकडे पाहण्याची जी माझी ढब होती, ती आठवली की आज मला लाज वाटते. त्या वेळी मात्र त्या एका क्षणासाठी मी बारा कोस पायी गेलो असतो.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या मृगात, गिरणेकाठच्या एका बागेत, आभाळ भरून आलेले असताना मी सात पिंपे तयार केली. सहाव्या दिवशी पालवीच्या कडा तपकिरी झाल्या आणि नवव्या दिवशी झाडांखाली पानांचा सडा पडला. मालकाने हवेला दोष दिला. ढगाळ, दमट हवेत औषध पानावर लवकर सुकत नाही आणि जळण्याचा संभव वाढतो हे खरेच असल्याने मीही त्या दोषारोपाला हरकत घेतली नाही. माझ्या हाताखाली तीन वर्षे असलेला पोरगा तेव्हा गप्पच होता. पुढे पट्टी सुटल्यावर, दोन रंगांची गोष्ट मी त्याला कौतुकाने सांगू लागलो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "आबा, त्या दिशी इळा लाल व्हता. पन तुमले कसं सांगू?"

विळा त्या दिवशीही मी सर्वांसमोर वर धरला होता. कोरे पाते म्हणून.

त्या पोराला काय रागावणार? पहिल्याच वर्षी त्याने बाजारातून रबरी हातमोजे आणि गॉगल आणला, तेव्हा चार मजुरांदेखत मी त्याला 'साहेब' म्हणून हाक मारली होती. त्याने ते दोन्ही पिशवीत घातले आणि पुन्हा काढले नाहीत. माझे हात कोपरापर्यंत उघडे पिंपात जात. हंगामभर निळी राहणारी नखे ही मला सनद वाटे. नोझल तुंबले की ते काढायचे, ओठांत धरायचे आणि फुंकून मोकळे करायचे, ही माझी रीत; तो तुरट, पैशाचे नाणे चाटल्यासारखा स्वाद जिभेवर तासन् तास राही आणि त्यावर चुना-तंबाखूची चिमूट बेचव लागे, एवढीच माझी तक्रार. वैशाखात आमच्याकडची हवा इतकी कोरडी होते की उघड्या पोत्यातले खडे वरून पांढरे पडून त्यांची पूड होते. ती पूड उपसताना शिंका येत, घसा धरे, आणि आम्ही हसत असू. पोर्तुगालमधील द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षे हेच मिश्रण फवारणाऱ्यांच्या फुप्फुसांत तांब्याचा संचय आढळल्याचे तेथील वैद्यांनी 1969 साली प्रसिद्ध केले. ते वाचले तेव्हा मी साठीच्या पुढे होतो.

आयुर्वेदात मोरचुदाला तुत्थ म्हणतात आणि वांती करविण्यासाठी त्याचा उपयोग सांगितला आहे. पाश्चात्त्य वैद्यकातही पूर्वी तो होता. आता तो सोडून दिला आहे, कारण पोटात राहिलेला अंश रक्तातील तांबड्या पेशी फोडतो आणि यकृत व मूत्रपिंडे निकामी करतो. हे ज्ञान मला पुष्कळ आधीपासून होते. ठेलारी मेंढपाळांचे कळप बागेच्या बांधावर आले की, मेंढीला तांबे मुळीच सोसत नाही, ते तिच्या यकृतात साठत जाते आणि एके दिवशी तांबडे मूत होऊन ती पडते, हे मी त्यांना बजावून सांगे. मेंढ्यांचा बंदोबस्त चोख होता. घरात मात्र तो खडा कोनाड्यात होता. तो मीच बनवला होता. दोऱ्याला बारीक कण बांधून, दाट द्रावणात महिनाभर वाढवत नेलेला, अंगठ्याएवढा, धारदार कडांचा, आल्यागेल्याला दाखवण्याजोगा. गेल्या दिवाळीत चार वर्षांच्या नातीने स्टुलावर चढून तो काढला. सून धावली तेव्हा तो तिच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता. "निळी खडीसाखर," ती म्हणाली.

बोर्डो मिश्रण मुळात चोरांसाठी होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. फ्रान्समधील मेदोक प्रांतात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरू तोडून खात, म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून त्या विषारी दिसतील असे करीत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्या, हे 1882 साली बोर्दो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या नजरेस आले आणि 1885 साली त्यांनी ते जाहीर केले. आपल्याकडे मलनाडातील सुपारीच्या कोळेरोगावर म्हैसूर संस्थानच्या कोलमन यांनी हे मिश्रण नेले. म्हणजे पहिले काम भीती दाखवण्याचे, औषधाचे नंतरचे. आणि आम्ही मात्र ती भीतीच टाकून दिली.

आता जीपवर पंप बांधून येणारी तरुण मंडळी तांब्याच्या ऑक्सिक्लोराईडची तयार पुडी फोडून बादलीत घोळतात आणि दिवसाला तीन बागा उरकतात. ती पुडी वाईट नाही. परंतु चुना विझवणे नाही, विळा नाही, पारख नाही, अशा कामाला मी कला म्हणणार नाही, आणि डोळे उघडे, नाक उघडे ठेवून ती फोडणाऱ्यांना शहाणेही म्हणणार नाही. दुकानदारांविषयी तर बोलूच नये: हिराकस मिसळलेला हिरवट मोरचूद मी गोणीच्या तोंडाशीच ओळखीत असे. हे वाक्य लिहिताना मी थांबलो. गेल्या दहा वर्षांत मी परत पाठवलेल्या किती गोण्या खरोखर हिरवट होत्या आणि किती माझ्या भिंगातून हिरवट दिसल्या, याचा हिशेब आता कोण देणार? एका दुकानदाराशी तर त्यावरून मी बोलणेही सोडले होते.

यंदाच्या वैशाखात डिंक्या रोगासाठी खोडांना बोर्डोची पेस्ट लावायची होती. पोराने गॉगल चढवला, हातमोजे घातले, आणि माझ्यासाठी आणलेला दुसरा जोड काहीही न बोलता पिंपाच्या झाकणावर ठेवला. मी तो घातला. बोटांना काठीचा मऊपणा कळेना, आणि मी तसे दोनदा मोठ्याने बोलून दाखवले. पुढे मृगाच्या फवारणीला आमचा असा ठराव झाला की आधी मी उजव्या डोळ्याने पाहून निवाडा सांगायचा, मग त्याने विळा बुडवायचा, आणि विळा म्हणेल ते करायचे. पाच पिंपांपैकी तीन वेळा विळा माझ्याविरुद्ध गेला. तीनही वेळा लोटाभर चुन्याची निवळी वाढवावी लागली, आणि ती मीच ओतली. उरलेली दोन पिंपे कोणती, हे घरी आल्याबरोबर मी बायकोला सांगितले; तिने विचारले नव्हते.