आसनगावच्या वाटेवरील संघाची गाडी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने 86 किलोमीटरवर आसनगाव स्थानक आहे. तालुक्याचे ठिकाण शहापूर. परंतु रेल्वेने शहापूरला जाणारा माणूस उतरतो आसनगावलाच. एका बाजूस माहुली गडाचे सुळके, दुसऱ्या बाजूस मुंबई-नाशिक महामार्ग, आणि जवळच मानस मंदिर तीर्थ. या तीर्थामुळे मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडीच्या जैन कुटुंबांना हा परिसर परका नाही. बहुतेक कुटुंबे सकाळी मोटारीने येतात, सेवापूजा करतात, भोजनशाळेत जेवतात आणि सायंकाळपूर्वी परततात. या वाटेचे दुसरे रूप मात्र कार्तिकी पौर्णिमेनंतर, पायी चालणाऱ्यांनाच दिसते.

चातुर्मास संपतो आणि साधुसाध्वींचा विहार सुरू होतो. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही रेल्वेची स्थानके म्हणजे विहाराच्या वाटेवरील ओळखीची गावे. गुरुभगवंत अनवाणी चालतात, आपली उपकरणे आपणच वाहतात आणि कोणत्याही वाहनाचा आधार घेत नाहीत. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा याच तालुक्यातून खुला झाला. पण त्या रस्त्यावर पायी चालण्यास मनाई आहे. त्यामुळे विहाराची वाट जुन्या महामार्गाच्या कडेनेच राहिली आहे.

याच वाटेने एखादा छ'री पालित संघ विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थाकडे निघतो, तेव्हा गुरुभगवंतांबरोबर श्रावक-श्राविकाही चालतात. सम्यक्त्वधारी, पादचारी, एकलआहारी, सचित्तपरिहारी, ब्रह्मचारी आणि भूमिसंथारी हे सहा नियम त्यांनी यात्रेपुरते स्वीकारलेले असतात. यात्रिक गृहस्थ असल्यामुळे त्यांचे अंथरूण, तंबू, भोजनाची भांडी आणि पाणी पुढच्या मुक्कामी पोहोचवावे लागते. हे काम करते संघाची गाडी, बहुधा एखादा पिकअप टेम्पो. तिच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा कसा बसवावा, हा प्रश्न वरवर लोहाराचा किंवा गॅरेजवाल्याचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात संघाची सुरक्षितता आणि जयणा दोन्ही गुंतलेली आहेत.

संघाबरोबर तंबू नेण्याची रीत फार जुनी आहे. तेराव्या शतकात गुजरातचे महामंत्री वस्तुपाल यांनी शत्रुंजय आणि गिरनारचे संघ काढले, त्या काळी हा भार बैलगाड्या आणि जनावरे वाहत. असा संघ काढणारा तो संघपती. त्याच शब्दातून संघवी हे आडनाव आले. आसनगावच्या भूमीलाही ओझ्याची ओळख आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून चढणाऱ्या नाणेघाटाने सातवाहनकाळापासून कोकणचा माल देशावर जात असे. 1860 साली लोहमार्ग आसनगावपर्यंत आला आणि 1861 च्या आरंभी तो कसाऱ्यास पोहोचला. मधल्या काळात आगगाडीतून उतरलेला माल घाटाकडे नेण्यास बैलच लागत. बैलाच्या पाठीवरील गोणींचा नियम साधा होता: दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे. एक बाजू जड झाली की उतारावर जनावर अडखळते. पिकअपच्या सांगाड्याचा पहिला नियमही हाच आहे.

दुसरा नियम नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. गाडीचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन असे दोन आकडे त्यात असतात; त्यांतील फरक म्हणजे गाडीची वाहनक्षमता. सांगाड्याचे वजन याच फरकातून जाते, हे पुष्कळदा विसरले जाते. 40 मिलिमीटर रुंदीची आणि 2 मिलिमीटर जाडीची चौकोनी लोखंडी नळी मीटरमागे सुमारे 2.4 किलो भरते. अशी 30 मीटर नळी वापरली तर तंबू चढण्यापूर्वीच गाडीवर 70 किलोहून अधिक भार आलेला असतो. सुमारे पाऊण टन वाहणाऱ्या छोट्या टेम्पोसाठी हा आकडा लहान नाही. म्हणून जाड नळी म्हणजे मजबुती, हा समज सोडावा लागतो. मजबुती येते ती आकारातून. चार नळ्यांचा नुसता चौकोन धक्क्याने तिरपा होतो. त्यात एक तिरपी नळी जोडली की त्रिकोण बनतो आणि त्रिकोण आकार सोडत नाही. मागे, पुढे आणि दोन्ही बाजूंना असे तिरपे आधार दिले, तर कमी लोखंडातही सांगाडा डुलत नाही.

सांगाड्याचे खांब हौद्याच्या पातळ फाळक्यांवर टेकवू नयेत. ते तळावर, जेथे खाली चासीचे आडवे बीम असतात तेथे, रुंद पट्ट्या घालून उभे करावेत. जोड वेल्डिंगऐवजी नटबोल्टचा ठेवला तर यात्रा संपताच सांगाडा उतरवता येतो आणि गाडी पुन्हा दुकानाच्या मालासाठी मोकळी होते. यात कायद्याचाही विचार आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतील तपशील मूळ रचनेपासून वेगळा होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सांगाडा बनवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेतलेले बरे. मालवाहू गाडीच्या हौद्यात, सामानावर, सेवाभावी तरुणांना बसवणे हेही नियमबाह्य आहे. सेवेचा हेतू पडणाऱ्याला सावरत नाही.

भार रचताना जड वस्तू तळाशी आणि हलक्या वर ठेवाव्यात. भांडी, लोखंडी मेखा आणि पाण्याचे पिंप खाली. कापड आणि गाद्या वर. कसाऱ्याच्या घाटात रेल्वेलासुद्धा 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे. रस्त्याला त्यात वळणांची भर. तेथे उंचावर ठेवलेले जड सामान गाडीला बाहेरच्या बाजूस ओढते आणि उतारावर ब्रेक लागताच सगळा भार पुढे सरकतो. केबिनमागची जाळी म्हणूनच भक्कम हवी.

पाण्याचा हिशेब वेगळाच करावा लागतो. एक लिटर म्हणजे एक किलो; 500 लिटर पाणी म्हणजे अर्धा टन. अर्धवट भरलेल्या मोठ्या टाकीतील पाणी वळणावर हेलकावते, म्हणून लहान, घट्ट झाकणाची पिंपे बरी. शिवाय उकळलेल्या पाण्याला शास्त्राने काळाची मर्यादा घातली आहे: हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. उद्यासाठी म्हणून आज उकळून साठवण्यात अर्थ नाही. आणि हा शहापूर तालुका आहे. तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून मुंबईला पाणी जाते. तानसाचे धरण तर 1892 पासूनचे. त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. त्यांच्या विहिरीवर संघाची पिंपे रांगेने लागणे शोभणारे नाही. मुक्कामाला पाणी कोठून घ्यायचे, हे आधीच ठरवून ठेवणे हाही यात्रेचाच भाग आहे.

या सांगाड्याचे खरे वेगळेपण दवात दिसते. पौष-माघात माहुलीच्या पायथ्याशी पहाटे दव पडते आणि तंबूचे कापड ओले होते. यात्रिक उजाडताच निघतात, गाडीला पुढे पोहोचायचे असते; मग ओले कापड तसेच गुंडाळून ताडपत्रीखाली कोंबले जाते. ओल्याचे वजन वाढते, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात फुलण धरते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते कापडाचे नुकसान. श्रावकाच्या दृष्टीने अनंत जीवांची उत्पत्ती आणि विराधना. यासाठी सांगाड्याचा वरचा मजला पत्र्याचा न करता फटी ठेवून बसवलेल्या पट्ट्यांचा करावा, म्हणजे कापडाला खालूनही वारा लागतो. मुक्कामी पोहोचताच कापड पसरावे. जागा निवडताना हिरवळ आणि मुंग्यांची वारुळे टाळावीत, जमीन पुंजून घ्यावी. मेख ठोकण्यापूर्वी तेथे खाली कोण आहे हे पाहिले जावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम बाजूला डोकावणाऱ्या नळीचा. तंबूचे खांब लांब असतात आणि घाईत ते आडवे ठेवले जातात. संघाची गाडी दिवसातून अनेकदा आपल्याच यात्रिकांच्या जवळून जाते. रस्त्याच्या कडेने खाली पाहत, ईर्यासमिती पाळत चालणाऱ्या साध्वीजींना मागून येणारी नळी दिसत नाही. ती बहुधा डोक्याच्या उंचीवर असते. म्हणून खांब सांगाड्यात लांबीच्या दिशेनेच ठेवावेत आणि गाडीच्या कडेबाहेर काहीही येऊ देऊ नये. पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी लावावी. विहारातील अपघातांच्या बातम्या दरवर्षी मन विदीर्ण करतात. त्यांत संघाच्याच गाडीमुळे भर पडू नये.

अलीकडे गाडीच्या छतावरच उघडणाऱ्या तंबूंची आवड वाढत आहे. शिडीने वर चढून त्यात झोपता येते. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत हे तंबू फार वापरले जातात. आपल्याकडील तरुणही भातसा किंवा माळशेजच्या बाजूला असे तंबू घेऊन जातात. असा तंबू साधारण 50 ते 70 किलोचा असतो. छत किती भार पेलेल याची कंपनीने दिलेली मर्यादा चालत्या गाडीसाठी असते. उभी गाडी त्याहून अधिक पेलते, म्हणून दोन्हींची गल्लत होऊ नये. पिकअपच्या हौद्यावर सांगाडा करून तंबू बसवायचा असेल, तर तो केबिनच्या उंचीपेक्षा वर न नेणे श्रेयस्कर. माहुलीचा परिसर तानसा अभयारण्यात येतो, तेथे वनखात्याची परवानगी हवी. सहलीसाठी हे साधन उत्तम. छ'री पालित यात्रिकाला मात्र त्याचा उपयोग नाही. भूमिसंथारी म्हणजे जमिनीवर निजणारा. त्याचा तंबू गाडीतून येईल, पण रात्री तो मातीवरच उतरेल.

महामार्गाच्या कडेला वजनकाटे असतात. काहींच्या पाटीवर धर्मकाटा असे लिहिलेले असते. संघाची भरलेली गाडी निघण्यापूर्वी एकदा तेथे उभी करावी. वजन मर्यादेबाहेर भरले, तर सांगाडा अधिक जाड करण्याचा मोह टाळावा आणि सामानाची यादी पुन्हा उघडावी. दुसरी गादी, तिसरे पातेले, कदाचित लागेल म्हणून घेतलेली पेटी यांपैकी पुष्कळ गोष्टी आसनगावलाच उतरवता येतात. पुढे, गाडीच्या आधी निघालेले गुरुभगवंत आपला सारा संसार खांद्यावर घेऊन खर्डीच्या वाटेला लागलेले असतात.